मुळशीच्या नाटकात सावकार हवा की नको?

ताम्हिणीकर:
मुळशी सत्याग्रहावर नवं नाटक बसतंय, तालुक्यातलीच मुलं करतायत. पहिल्या वाचनालाच वाद झाला. 1921 च्या रामनवमीला मावळे, म्हणजे इथले मावळातले शेतकरी, टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले, ‘जान किंवा जमीन’ म्हणाले, त्यांचे पुढारी सेनापती बापट तुरुंगात गेले. इथपर्यंत सगळे खूश. दुसऱ्या अंकात पुण्याचा सावकार येतो. जमीन त्याच्याकडे गहाण पडलेली, त्याला कंपनीकडून भरपाई हवी आहे, आणि कसणाऱ्या कुळाला मात्र जमीनच हवी आहे. हा प्रवेश काढा म्हणून आग्रह चाललाय. तो काढला तर मागे उरेल ते जयंतीचं भाषण. नाटक तिथेच तर आहे!

निळाकाठ:
मी पूर्ण विरोधात. माझ्या पणजीचं गाव त्या पाण्याखाली आहे. ते पाणी कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते. जमिनी सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा लावून कंपनीला मिळवून दिल्या. सावकार मोठा केलात की प्रेक्षक घरी जाताना म्हणणार, ‘हे आपसातच भांडत होते.’ कंपनी नामानिराळी. शिवाय त्या सावकारांच्या घरांची आडनावं आजही सगळ्यांना ठाऊक आहेत. प्रयोग झाल्यावर तुम्ही जाल पुण्याला, आम्हाला त्याच बाजारात रोज एकमेकांची तोंडं पाहायचीत.

ताम्हिणीकर:
आडनाव बदलू, त्यात अडचण नाही. पण सत्याग्रह का फुटला हे लपवायचं, तर पोरांनी तीन महिने राबायचं कशाला?

तिसरीघंटा:
जयंत पवारांचं ‘अधांतर’ नाटक आठवा. 1982 च्या गिरणी संपाने मुंबईचं गिरणगाव मोडलं, पण रंगमंचावर ना मालक, ना पुढारी. एका घरात आई, पोरं, त्यातला एक गँगमध्ये. घरातली भांडणं दाखवली म्हणून मालक सुटले असं कुणाला वाटलं नाही. उलट राग जास्त आला. तुमच्या सावकारालाही घर द्या, कर्जाचा हिशेब द्या. नुसता खलनायक केलात तर निळाकाठ यांची भीती खरी ठरेल.

निळाकाठ:
गिरणगावचं लिहिणारा गिरणगावातच वाढला होता. इथे संहिता बाहेरचा माणूस लिहितोय. अतुल पेठेंनी ‘सत्यशोधक’ हे नाटक पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं, तेव्हा निदान बोलणारी तोंडं त्यांची होती. आमच्याकडच्या किती म्हाताऱ्यांशी बोललात? कुळाच्या बाईला अख्ख्या नाटकात चार वाक्यं आहेत, मी मोजलीत.

ताम्हिणीकर:
हे मान्य. बाईचा प्रवेश वाढवायलाच हवा. सावकार मात्र राहणार.

निळाकाठ:
मग संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवण्याआधी काठावरच्या वाडीत वाचा. मंजुरीनंतर वाक्यं बदलत बसता येत नाही. तिथल्या माणसांनी सावकार ऐकून घेतला, तर माझा विरोध संपला. नाही ऐकला, तर मंडळाचा शिक्का मला सांगू नका.

तिसरीघंटा:
वाचन रात्री ठेवा. भातलावणी सुरू झालीय, दिवसा कुणी येणार नाही.