मदत हवी आहे: नव्याने ओळख झालेल्या मंडळींबरोबर गोबी आणि स्टेप

नमस्कार मंडळी,

सध्या मंगोलियाची राजधानी उलानबातरला आहे. परवा सकाळपर्यंत होकार किंवा नकार कळवायचाय, म्हणून घाईनेच लिहितेय.

इथल्या गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात एक फळा आहे. त्यावर 'गोबीला जायला अजून दोघं हवेत' अशा चिठ्ठ्या लागतात. दक्षिणेच्या दालानझादगाद गावापर्यंत बस जाते, पण पुढे वाळवंटात हिंडायचं तर गाडी आणि ड्रायव्हर ठरवावाच लागतो, आणि तो खर्च एकटीला झेपणारा नाही. अशाच एका चिठ्ठीमुळे चौघांशी ओळख झाली: एक डच जोडपं, एक कोरियन मुलगी आणि एक निवृत्त जर्मन शिक्षक. माणसं मनापासून आवडली. काल कोरियन मुलीने मी न सांगता माझ्यासाठी बिनमांसाच्या नूडल्स आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या.

बेत असा आहे. दक्षिणेला त्सागान सुवर्गाचे कडे, मग दालानझादगादजवळची योलिन आम ही घळ (उन्हाळ्यातही तिथे बराच काळ बर्फ टिकतो), खोंगोरिन एल्सच्या वाळूच्या टेकड्या आणि बायानझाग, म्हणजे १९२३ साली अमेरिकन संशोधक रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमेला डायनासोरची अंडी सापडली ती जागा. तिथून उत्तरेला वळून स्टेपमधून, म्हणजे गवताळ माळरानातून, खारखोरिन गाव आणि ओर्खोन नदीचं खोरं. १५८६ सालचा एर्देने झू मठ बघायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

गाडी रशियन उआझ व्हॅन, इथे तिला फुरगोन म्हणतात. जाऊन बघून आले. इंजिन चक्क पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, झाकणाखाली. ड्रायव्हरने झाकण उचलून पट्टे, होज सगळं दाखवलं, जादाचं चाकही दाखवलं. मागच्या काही सीट उलट्या तोंडाच्या आहेत आणि मला गाडी लागते.

माझी खरी अडचण पैशांची आहे. गाडीचं भाडं पाच जणांत वाटायचं हे ठरलंय. पण पेट्रोल, राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट, गेरमधला (इथल्या गोल तंबूतला) मुक्काम, जेवण? डच जोडपं म्हणतं सगळं समान, जर्मन काका म्हणतात ज्याचं त्याने. आणि कुणी दालानझादगादहून विमानाने परतलं तर उरलेल्यांच्या डोक्यावर जादा भार येणार. ओळख नवी आहे, विषय काढला तर हिशेबी वाटेन का? कुणी अशा प्रवासाला गेलं असेल तर कसं बोलावं ते सांगा. शिवाय मी शाकाहारी आहे (अंडी चालतात). निभावेल का?

प्रतिसाद

ताई, विषय आजच काढा, आणि ड्रायव्हरसमोर काढा. वाळवंटात गेल्यावर वैतागून उतरून जायची सोय नसते, म्हणून निघण्याआधीचं बोलणं हाच सगळ्यांवरचा उपकार आहे. आमच्या गटात एका पानावर लिहून काढलं होतं: मधूनच कुणी गेलं तरी भाड्याचा त्याचा वाटा तो पूर्ण देणार. पेट्रोल, पाणी, तिकिटं, मुक्काम यांसाठी एक सामाईक पाकीट, रोज रात्री उघडून सगळ्यांसमोर मोजायचं. बिअर आणि खरेदी ज्याची त्याची. तुगरिक, म्हणजे तिथलं चलन, उलानबातरलाच काढून ठेवा.

पैशांपेक्षा भांडणं वेगामुळे होतात. एकाला सूर्यास्तापर्यंत टेकडीवर बसायचं असतं, दुसऱ्याला पुढचा मुक्काम गाठायचा असतो. अंधारात गाडी चालवायची नाही, आणि नदी ओलांडायची की नाही, वादळात थांबायचं की नाही हे ड्रायव्हरच ठरवेल, एवढं आधीच कबूल करून घ्या.

शाकाहाराचं निभतं, पण तयारी हवी. डाळ, तांदूळ, पोहे, तिखट-मीठ उलानबातरहून घेऊन निघा. गेरमध्ये पाहुण्याला सुतेइ त्साइ, म्हणजे मीठ घातलेला दुधाचा चहा देतात. उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्या, घोटभर तरी प्या. उरूम म्हणजे जाड साय, ब्रेडला लावून फार छान लागते, आमच्या शाकाहारी मैत्रिणीचं तर पोट त्यावरच चाललं. आरूल, म्हणजे वाळवलेलं दही, दगडासारखं कडक असतं, दात सांभाळा. मार्मोटचं (खारीच्या जातीच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याचं) मांस कुणी दिलं तर तुमच्या मित्रांनाही नको म्हणायला सांगा, त्यातून प्लेग होऊ शकतो.

उंबरठ्यावर पाय देऊ नका, शेगडीत कचरा टाकू नका. गेरजवळ पोचलात की गाडीतून उतरण्याआधी हाक मारा. कुत्री राखणीची असतात, घरच्यांनी त्यांना धरेपर्यंत आत बसून राहा.

प्रतिसाद

पुढे तोंड असलेली सीट आधीच मागून घ्या, यात संकोच कसला! गोळ्या बरोबर ठेवा. दिवसा भाजून काढणारं ऊन असलं तरी रात्री जाड जाकीट लागेलच. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, कारण गावं सोडली की रेंज जाते. घरी मार्ग, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन कळवून ठेवा. विम्यात हेलिकॉप्टर किंवा विमानाने हलवण्याची सोय आहे ना, ते आजच वाचा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. संध्याकाळी जेवताना विषय काढला. काकांनीच वही आणली आणि पहिली ओळ स्वतः लिहिली, सामाईक पाकीट कोरियन मुलीकडे राहणार आहे. मी पुढची सीट मागितली आणि मिळाली. होकार कळवलाय.

आता एकच राहिलं. ड्रायव्हरचं जेवण आणि मुक्काम भाड्यातच असतो की आपण बघायचा? त्यांना विचारलं तर नुसते हसले. आणि शेवटी बक्षिसी द्यायची पद्धत आहे का? उद्या दुपारी पैसे काढायला जाणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.