हॉलला मोरपंखी द्यावा का? घर आपलं वाटेल असे रंग तुम्ही कसे ठरवता?

घोळात_घोळ

नमस्कार मंडळी, ठाण्यात रीसेलमधे टू बीएचके घेतलाय, तिसरा मजला, हॉल साधारण १० बाय १६. पाऊस संपला की रंग काढायचाय म्हणजे दिवाळीच्या आत राहायला जाता येईल. एका ओळखीच्या इंटिरियरवालीने थ्रीडी करून पाठवलं, ते बघून नवरा खूश, मी गप्प. सगळं ग्रे. ग्रे भिंती, ग्रे सोफा, टीव्हीमागे ते उभ्या पट्ट्यापट्ट्यांचं पॅनल, वर फॉल्स सीलिंग. वाईट नाहीये हो, पण आपण कुठल्यातरी हॉटेलात चेक-इन करतोय असं वाटलं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

मला रंग आवडतात. मोरपंखी, हळदी, विटकरी. आजीची पितळी समई आणि दोन हंडे आहेत, आईकडचे खणाचे उरलेले तुकडे आहेत, मी कॉलेजात असताना काढलेलं एक मोठं वारली आहे, हे सगळं त्या ग्रेमधे कुठे बसवू? पण बोलले की सगळे घाबरवतात. नवरा म्हणतो दोन वर्षांत कंटाळशील, सासूबाई म्हणतात गडद रंगाने घर कोंदट दिसतं, शेजारच्या काकूंनी वास्तूचा अख्खा नकाशा ऐकवला, त्यात माझा मोरपंखी एकाही दिशेला बसत नाही.

तर गडद रंगाने लहान हॉल खरंच लहान दिसतो का? आणि सुरुवात कुठून करतात, भिंतीपासून की सामानापासून? शेड कार्डावर तर सगळंच छान दिसतं.

---

खिडकीपाशी

अगं आधी अभिनंदन! आणि भिंतीकडे नंतर बघ, आधी खाली फरशीकडे बघ. रीसेल फ्लॅट म्हणजे बहुतेक ती दोन बाय दोनची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल असणार. ती बदलणार नसशील तर घरातला सगळ्यात मोठा रंग आधीच ठरलेला आहे, बाकीच्यांनी तिच्याशी जमवून घ्यायचं. एक कोरा ए-फोर कागद फरशीवर ठेव. एरवी डोळ्याला फरशी पांढरीच वाटते, कागदाशेजारी ती पिवळट आहे का गुलाबीसर का राखाडी ते लगेच कळतं. पिवळट निघाली तर निळसर ग्रे भिंतीशेजारी ती मळकट दिसणार, मग कितीही पुसा. त्या थ्रीडीमधे फरशी कुठली दाखवलीये बघ बरं, मला वाटतं तिथे पांढरीशुभ्र इटालियन मार्बलची टाकलेली असेल. पिवळट फरशीला तुझे हळदी, विटकरी, आणि हिरव्याकडे झुकलेला मोरपंखी छान जातात. म्हणजे तुझी आवड इंटिरियरवालीपेक्षा तुझ्या घराला जास्त जवळची निघू शकते.

मग उजेड. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, उजेड निळसर असतो, तिथे ग्रे अजून थंड पडतो. पश्चिमेला दुपारनंतर सगळं केशरी होतं. आणि समोरची बिल्डिंग विसरू नकोस, तिचा रंग तुझ्या घरात येतो! आमच्यासमोरच्या सोसायटीने बाहेरून गुलाबी-शेंदरी असं काहीतरी मारून घेतलंय, तेव्हापासून दुपारी तीनला आमची पांढरी भिंत चक्क अबोली दिसते. खिडकीत मोठं झाड असेल तर हिरवी झाक येते.

शेड कार्डावर विसंबू नकोस, तो तुकडा नखाएवढा असतो. एक लिटरचा छोटा डबा आण, दोन बाय दोन फुटाच्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मार आणि तो पुठ्ठा चारही भिंतींना टेकवून बघ, सकाळी, चारला, आणि रात्री दिवे लावून. जुन्या भिंतीवरच चौकोन मारून बघतात लोक पण मग आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो.

कोंदटपणाचं म्हणशील तर सासूबाई अगदीच चुकत नाहीयेत. काही कंपन्या शेडमागे एलआरव्ही नावाचा आकडा देतात, काळा ० आणि पांढरा १००, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते त्याचा अंदाज. गाढ मोरपंखी १०-१५ च्या आसपास जातो, म्हणजे बहुतेक सगळा उजेड गिळतो. चारही भिंतींना तो दिला आणि वर एकच ट्यूब ठेवली तर संध्याकाळी गुहा. पण एका भिंतीला दिला आणि दोन-तीन ठिकाणी दिवे ठेवले तर उलट ती भिंत मागे गेल्यासारखी वाटते. नवऱ्याला सांग की दोन वर्षांत कंटाळा ग्रेचाही येतो, फक्त तेव्हा कोणी म्हणत नाही की तरी सांगत होतो.

अजून एक, नेटवर सगळीकडे सल्ला असतो की कपाट उघडा, जे रंग घालता ते भिंतीला द्या. मला नाही पटत. मी काळे कुर्ते घालून वावरते, म्हणून काय काळ्या खोलीत झोपू? त्यापेक्षा चादरी, टॉवेल, मग, कुशन कव्हरं अशा न विचार करता उचललेल्या वस्तू बघ. तिथे जो रंग परत परत येतो तो खरा.

---

पेंटरचा_पोरगा

वरच्या ताईंना अनुमोदन. मी धंद्यातला माणूस, वडील रंगकाम करायचे, आता मी बघतो, पुण्यात. रंग कुठला ते तुम्ही ठरवा, मी कामाचं बोलतो.

ठाणे आणि जुना फ्लॅट म्हटल्यावर पहिले ओल बघा. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर एक फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे, त्यावर कितीही भारी रंग मारला तरी पोपडे धरणार. पाऊस संपला की लगेच घाई करू नका, भिंतीला वाळायला वेळ द्या. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच रंग काढायचा असतो, माणसं मिळत नाहीत, मग पेंटर ओल्या लांबीवरच (म्हणजे पुट्टीवर) प्रायमर मारून मोकळा होतो आणि संक्रांतीला फोन येतो.

मोरपंखीचं आणि हळदीचं अजून एक. पिवळा आणि लाल हे रंग झाकत नाहीत, खालचं दिसत राहतं, दोन हातात काम होत नाही, तिसरा चौथा मारावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे प्रायमरमधेच थोडी शेड घालून घ्यायची. गाढ शेडचा बेस वेगळा असतो आणि भावही जास्त असतो, दुकानात आधी विचारा. हिशोब सांगतो, १० बाय १६ चा हॉल, ९ फूट उंची, चार भिंती मिळून ४६८ स्क्वेअर फूट, दारं खिडक्या वजा जाता ४०० धरा. चांगलं इमल्शन दोन हातात लिटरला शंभरच्या वर जातं, म्हणजे चारेक लिटर. कोणी दहा लिटर सांगितलं तर बाकीचं कुठे जाणार ते विचारा.

गाढ रंगात चमक घेऊ नका. चमकवाला रंग लांबीची प्रत्येक लाट दाखवतो, खासकरून खिडकीचा उजेड आडवा पडत असेल तिथे. मॅट बरा, पण गाढ मॅटवर हात लागला, सोफा घासला की चकाकी येते आणि टचअप केलं की ठिपका दिसतो. त्यामुळे सोफ्यामागची भिंत गाढ करायची असेल तर सोफा चार बोटं पुढे ठेवा. एका भिंतीला दोन डबे लागले तर दोन्ही एका बादलीत ओतून मग मारायला सांगा, कारण रंग मिसळायच्या मशीनवर शेडचा एकच कोड टाकला तरी डब्याडब्यात थोडा फरक येतो. आणि कोड वहीत लिहून ठेवा, कारण डबा भंगारात जातोच.

---

उगाच_एक

अहो पांढरं ठेवा आणि मोकळे व्हा. आपल्याकडे घरात वस्तू काय कमी असतात का? कॅलेंडर, देव, चार्जर, वाळत घातलेले कपडे, फ्रीजवरचे मॅग्नेट. त्यात अजून भिंतपण बोलायला लागली तर डोकं दुखेल. हौस असेल तर नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांचे पडदे बदला.

---

श्टुटगार्टकर

:) उगाच साहेब, आम्ही इथे नाइलाजाने पांढऱ्यात राहतो म्हणून सांगतो, पांढऱ्याचंपण मन भरतं. जर्मनीत भाड्याचं घर सोडताना भिंती फिक्या, कोणालाही चालतील अशा रंगात परत द्यायच्या असतात. २०१३ मधे तर इथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पांढरं मिळालेलं घर भडक रंगात परत केलं तर भाडेकरूने नुकसानभरपाई द्यायची. त्यामुळे आम्ही रंग फक्त कापडात आणि दिव्यात शोधतो.

दिव्यांबद्दल वर जेमतेम आलंय आणि माझ्या मते निम्मा खेळ तिथेच आहे. भारतात बहुतेक घरात ६५०० केल्व्हिनची पांढरी ट्यूब असते, इथे घरोघरी २७०० चे पिवळे दिवे. मी तीच हळदी सोलापुरी चादर नाशिकला आईकडे आणि इथे अंथरलेली बघितलीये, तिकडे ट्यूबखाली ती लिंबाकडे जाते, थोडी आजारी दिसते, इथे साजूक तुपासारखी. तुमचे हळदी आणि विटकरी ६५०० खाली मार खाणार. खोकं बघून घ्या, ३००० किंवा फार तर ४००० लिहिलेलं, आणि सीआरआय ९० च्या पुढे मिळाला तर उत्तम, रंग खरे दिसतात. किचन ओट्यावर पांढरा दिवा ठेवा खुशाल, तिथे कांदा बारीक दिसायला हवा. आणि हे दिवे रंग ठरवायच्या आधी लावा, नंतर नाही, नाहीतर पुठ्ठा बघितला एका उजेडात आणि राहिलात दुसऱ्यात असं होईल.

---

जांभा_आणि_काव

बाळा, सगळे भिंतीच्याच मागे लागलेत. आमचं घर मालवणकडचं, जांभ्याचं. चुन्यात नीळ घालून भिंती मारायचे, म्हणजे पांढऱ्यालाही किंचित निळी झाक यायची, उन्हाळ्यात डोळ्याला गार वाटायचं. खाली लाल कोबा. आणि सगळा रंग असायचा तो लाकडावर, दारं, खिडक्यांच्या झडपा, गजाचे कठडे, सगळं गडद हिरवं नाहीतर निळं ऑइलपेंट. दर दोनचार वर्षांनी गणपतीच्या आधी दारांना हात मारला की अख्खं घर नवं. चुना स्वस्त म्हणून भिंतीला आणि लाकूड पावसात टिकावं म्हणून त्याला तेलाचा रंग, असा साधा व्यवहार होता तो, पण दिसायचं किती छान!

आमच्याकडच्या जुन्या देवळात कावीचं काम असतं, गोव्यातही आहे. ओल्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देतात आणि नक्षी कोरून खालचा पांढरा उघडा करतात. दोनच रंग, पण गाभाऱ्याच्या अंधारातही उठून दिसतं. तुझं वारली तसंच आहे की, गेरूवर पांढरं. त्याला ग्रेवर टांगू नकोस आणि मोरपंखीवरही नको, पिवळसर पांढऱ्या भिंतीवर एकटं लाव, आजूबाजूला काही नको.

आणि गाढ रंग मारायचाच असेल तर पणजीत फोंताइनश नावाच्या जुन्या वस्तीत गेलीस कधी तर नीट बघ. गेरू, निळा, पिवळा कसलीही भिंत असो, खिडकीच्या आणि दाराच्या कडेने पांढरा पट्टा असतो. त्या पट्ट्यामुळे भडक रंग अंगावर येत नाही. तुला फ्लॅटमधे तोच उपयोग स्कर्टिंगचा आणि चौकटीचा करता येईल. तपकिरी चौकटी पांढऱ्या करून घे, मग शेजारी मोरपंखी बघ.

पितळ मात्र मोरपंखीजवळच ठेव, आणि हंडे चिंचेने घासून. काळपट पितळ गडद भिंतीवर दिसतच नाही. वास्तूवाल्या काकूंना चहाला बोलाव, बाकी काही करू नको.

---

घोळात_घोळ

बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी! कागद ठेवून बघितला, फरशी चांगलीच पिवळट निघाली, आणि हो, थ्रीडीमधे पांढरी इटालियनच होती, मी लक्षच दिलं नव्हतं. ते चित्र आणि खरी फरशी शेजारी ठेवून नवऱ्याला दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला ग्रे कॅन्सल.

आता असं ठरतंय की हॉलच्या तीन भिंती आणि सीलिंग एकच, पिवळ्याकडे झुकणारा ऑफव्हाइट, पितळ ठेवायच्या कोनाड्याची एक भिंत मोरपंखी, आणि जांभाकाकूंचं ऐकून दोन्ही बेडरूमची दारं आतून-बाहेरून हळदी! खणाचे तुकडे तीन कुशनपुरतेच भरतील. आधी दिवे बदलतेय, मग पुठ्ठे. फक्त एक शंका, दारं फ्लश डोअर आहेत, वरून तपकिरी सनमायका, त्यावर ऑइलपेंट बसेल का?

---

पेंटरचा_पोरगा

थेट मारलात तर नाही बसणार, नखाने निघेल. सनमायकाची चमक जाईपर्यंत १८० किंवा २२० च्या पेपरने घासायचं, स्पिरिटच्या फडक्याने पुसायचं, मग लॅमिनेटला धरेल असा प्रायमर मागायचा, साधा वुड प्रायमर चालत नाही. त्यावर ऑइलपेंटपेक्षा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग घ्या, ऑइलपेंट हळूहळू पिवळट पडतो, हळदीत ते खपून जाईल म्हणा पण चौकटी पांढऱ्या करणार असाल तर तिथे दिसेल. हळदी आहे म्हणजे तीन हात धरा. कडी, कुलूप, बिजागऱ्या काढून मगच रंग मारायला सांगा, पेंटर कंटाळा करतील आणि टेप लावतो म्हणतील, तुम्ही उभं राहून काढून घ्या.

---

उगाच_एक

हळदी दारं. ठीक आहे. सासूबाईंना कळलंय का?

---

घोळात_घोळ

त्यांनीच पिवळा सुचवला. मी विटकरी म्हणत होते :)