मदत हवी आहे: सामुराई चिलखतावरून टेनिस शूज, पट्ट्या निघतायत

जोडेकरी: डिझाइनचं शेवटचं वर्ष. सामुराई चिलखतातल्या कोझाने पट्ट्यांवरून टेनिसचे शूज करतोय. टीपीयूच्या (लवचिक प्लास्टिकच्या) पट्ट्या अपरवर, म्हणजे शूजच्या वरच्या भागावर, चिकटवल्यात. जरा खेळलं की निघतात, शिवाय करंगळीला काचतं. कोणता गोंद वापरू? सोमवारी ज्युरी आहे, लवकर सांगा.

बेसलाइन: कोर्ट कोणतं? पट्ट्या नेमक्या कुठे? फोटो टाक.

जोडेकरी: हार्ड कोर्ट. पट्ट्या बाहेरच्या बाजूला, टाचेपासून करंगळीपर्यंत आडव्या ओळीत. फोटो रात्री टाकतो. गोंदाचं सांगा ना.

टाबीप्रेमी: पट्ट्या सोड, टाबीसारखा (अंगठा वेगळा असलेला जपानी मोजा) अंगठा वेगळा कर. १९५१ ची बॉस्टन मॅरेथॉन शिगेकी तानाका तसल्याच शूजमध्ये जिंकला.

बेसलाइन: मॅरेथॉन सरळ पळायची असते. इथे बाजूला झेप घेऊन जागच्या जागी थांबायचं. अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतील.

टाबीप्रेमी: जपानात बांधकामावरचे लोक आजही जिका-टाबी (रबरी तळ असलेली टाबी) घालून परांचीवर चढतात. पकड उत्तमच असते.

बेसलाइन: पकडीबद्दल वाद नाहीच. मी घर्षणाबद्दल बोलतोय.

गडवाटा: सामुराईच कशाला? आपले मावळे घे, कोल्हापुरी घे. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय तिला.

सुईदोरा: विषय ठरलाय त्याचा, सोमवार तोंडावर आहे. जोडेकरी, गोंद बदलून काही होणार नाही. कोझाने म्हणजे लोखंडाचे किंवा चामड्याचे लाखेचे थर दिलेले छोटे तुकडे. एका ओळीतले तुकडे एकमेकांवर चढवून घट्ट बांधतात, ती ओळ ताठ होते. दोन ओळी मात्र रेशमी दोऱ्यांनी सैल जोडतात, त्याला ओदोशी म्हणतात. चिलखत वाकतं ते तिथेच. तुझ्या ओळी पायाच्या लांबीत आहेत, म्हणजे चवड्याला पाय दुमडतो तिथे बरोबर ताठ भाग आला. ओळी उभ्या कर, सोलपासून लेसपर्यंत. बाजूला पाय कलंडणार नाही आणि पुढे दुमडेलही. आणि पट्ट्या चिकटवू नकोस, ओवून घे.

बेसलाइन: हे पटलं. अंगठ्याच्या आतल्या बाजूला मात्र साधं जाड रबरच ठेव. सर्व्हिस करताना मागचा पाय तिथेच घासतो, ओवलेला दोरा टिकणार नाही.

रंगरेषा: ज्युरीच्या दृष्टीने एक सांगते. लाल किरणांचा उगवता सूर्य छापू नकोस. कोरिया-चीनमध्ये त्या चिन्हाशी युद्धाच्या जखमा जोडलेल्या आहेत.

मॉर्निंगवॉक: माझ्या आईची टाच दुखते, चालायला कोणते शूज घ्यावेत?

रंगरेषा: काका, वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

जोडेकरी: ओळी फिरवून एका पायाचं करून बघतोय. दोरा नायलॉनचा चालेल?

सुईदोरा: नायलॉन घामाने ओला झाला की ताणतो. विणलेला पॉलिएस्टर घे. भोकांच्या कडा आधी घासून गुळगुळीत कर, नाहीतर दोरा तिथेच कापेल.