कसा होता पिक्चर?

दादरला प्लाझाच्या दारात एक प्रश्न मी लहानपणापासून ऐकतेय. आधीचा शो सुटतो, माणसं डोळे चोळत बाहेर येतात आणि पुढच्या शोसाठी थांबलेलं कुणीतरी अनोळखी विचारतं, "कसाय हो पिक्चर?" उत्तरंही ठरलेली. "बघण्यासारखा आहे." "एकदा बघायला हरकत नाही." "इंटरव्हलनंतर ताणलाय जरा." तिकीट हातात असूनही लोक विचारतात, आणि गाडी पकडायची घाई असली तरी समोरचा थांबून सांगतो. मला हे फार आवडतं.

तोच प्रश्न इथे विचारतेय. अलीकडे काय पाहिलंत? नवा, जुना, थिएटरात, टीव्हीवर, लोकलमध्ये मोबाइलवर, कसाही. तारे देऊ नका. पटकथा, छायाचित्रण यातलं कळत नसेल तरी लिहा, मलाही कळत नाही. कुठे डोळे भरून आले, कुठे चिडलात, कुठे घड्याळ बघितलंत, ते हवंय. आवडला नाही तर का नाही तेही.

माझ्यापासून सुरुवात. 'बाईपण भारी देवा' २०२३ च्या जुलैत आईबरोबर थिएटरात पाहिला होता. बायका नऊवारी नेसून, नथ घालून गटागटाने आल्या होत्या, त्या गर्दीत सगळंच पटलं. गेल्या महिन्यात टीव्हीवर लागला तेव्हा एकटीने पाहिला आणि वाटलं, सहा बहिणींच्या इतक्या वर्षांच्या गाठी मंगळागौरीच्या एका स्पर्धेने सोडवल्यात, हे फार सोपं केलंय. माझ्या आईचं आणि मावशीचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं, ते कुठल्या फुगडीने सुटलं नाही. तरी टीव्ही बंद केल्यावर मी मावशीला फोन लावला, हेही खरं.

आता तुम्ही.

परळ, परिचारिका

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला तेव्हा वॉर्डातल्या मल्याळी सिस्टरने तिकिटं काढली होती, यंदा घरी परत पाहिला. पायल कपाडियांच्या या सिनेमाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, ते आम्हाला नंतर कळलं. आम्ही गेलो होतो तो त्यात नर्सेस आहेत म्हणून.

एरवी सिनेमातली नर्स डॉक्टरमागे ट्रे धरून उभी असते, नाहीतर चावट विनोदापुरती असते. इथे ती लेडीज डब्यात खांबाला धरून उभी आहे, दिवसभराचा थकवा चेहऱ्यावर घेऊन. प्रभा तिचं नाव. नवरा लग्नानंतर जर्मनीला गेलाय, फोनही बंद झालेत. आणि एक दिवस तिकडून पार्सल येतं, भाताचा कुकर. सोबत चिठ्ठी नाही. रात्री ती जमिनीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते.

त्या क्षणी शेजारच्या माझ्या मैत्रिणीने माझं मनगट धरलं. नाडी बघताना धरतो ना, तसं, तीन बोटांनी. तिचा नवरा नऊ वर्षं आखातात आहे. दर दिवाळीला काहीतरी पाठवतो. मिक्सर, घोंगडीएवढी जाड ब्लँकेटं, एकदा इस्त्री. तिने सिनेमा संपेपर्यंत हात सोडला नाही, आणि बाहेर आल्यावर आम्ही त्यावर अवाक्षर बोललो नाही. सरळ कॅन्टीनला जाऊन चहा घेतला, कारण दोघींची रात्रपाळी होती.

एक खटकलं. सिनेमातलं रुग्णालय फार शांत आहे. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत दोन खाटांमध्ये जमिनीवर गाद्या घालाव्या लागतात, नातेवाईक अंगावर येतात, ते कुठेच नाही. पण कुकरपुढे मी ते सोडून देते.

सायन, प्रतीक्षानगर, संक्रमण शिबिर

सिस्टर, तुमचं वाचून मुलीच्या मोबाइलवर मुद्दाम पाहिला. खरं सांगतो, पहिला तासभर मला जड गेला. माणसं बोलतात कमी, बघतात जास्त. दोनदा डोळा लागला.

पण छाया कदमांची पार्वती आली आणि झोप उडाली. ती रुग्णालयात स्वयंपाकाला आहे. बिल्डर खोली पाडायला टपलाय, आणि खोली तिची आहे हे दाखवायला तिच्याजवळ कागद नाही. जे होतं ते नवऱ्याला ठाऊक, आणि नवरा गेला.

ही माझ्या आईची गोष्ट आहे. लोअर परळला आमची दहा बाय बाराची खोली. भाडेपावती आजोबांच्या नावाची, आजोबा १९७१ ला वारले. वडील गिरणीत, त्यांनी पावती कधी नावावर करून घेतली नाही, कारण मालकाचा माणूस दर महिन्याला येऊन भाडं नेतच होता. वडिलांमागे आईने तेच चालू ठेवलं. पुनर्विकास आला तेव्हा विचारलं गेलं की १३ जून १९९६ च्या आधीपासून तुम्हीच इथले भाडेकरू आहात, याचा पुरावा काय? आईने पत्र्याची ट्रंक उघडली. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात तिने रेशनकार्ड, बेस्टची वीजबिलं आणि माझ्या शाळेचा दाखला जपून ठेवला होता, एकेक कागद प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड सुतळीने बांधलेलं. तिला वाचता येत नव्हतं. कुठला कागद कशाचा, ते ती पिशवीच्या रंगावरून ओळखायची. आमचं नाव पात्र यादीत लागलं ते त्या पिशव्यांमुळे. नव्या इमारतीची चावी मात्र तिला बघायला मिळाली नाही. आम्ही अजून शिबिरातच आहोत.

पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. तो प्रसंग मी मागे नेऊन तीनदा पाहिला.

शेवट मात्र मला मान्य नाही. पार्वती रत्नागिरीकडे गावी निघून जाते, समुद्र, मोकळी हवा, सिनेमा देखणा होतो. माझं म्हणणं, तिने जायला नको होतं. इतकी वर्षं या शहराला शिजवून घातलं तिने. खोली तिचीच होती.

भांडुप, मूळ गाव कुडाळ तालुक्यात

गणपती करून आम्ही परतलो आणि पाठोपाठ, १२ सप्टेंबर २०२५ ला, 'दशावतार' लागला. अख्खी गल्ली गेली म्हणायला हरकत नाही. मी आई-बाबांना घेऊन गेलो. बाबा ७९ वर्षांचे. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे पडद्यावर नाचणारा बाबुली मेस्त्री बाबांपेक्षा मोठा! तो तोंडाला रंग लावायला बसला तसे बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि आईला म्हणाले, "ह्यो खरोच दशावतारी वाटता गो."

घरी येईपर्यंत रिक्षात बाबा बोलत होते. पूर्वी जत्रेला दशावतारी नाटकाची कंपनी चालत यायची, डोक्यावर पेटारा. देवळात उतरायची, पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा व्हायची. पेट्रोमॅक्सच्या उजेडात काळ्या मुखवट्याचा, लांब लाल जिभेचा संकासूर आला की पोरं आयांच्या पदरात शिरायची. लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान लावायचं ते ठरायचं, आणि बोलायचं सगळं उभ्याउभ्या. साथीला पेटी, पखवाज, झांज. स्त्रीपार्टी पुरुषच. रात्रभर राजा झालेला माणूस सकाळी शेतावर जायचा. बाबांनी हे मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

आता सिनेमाबद्दल. पूर्वार्ध मला अतिशय आवडला. बाप-लेकाचं नातं, नजर कमी होत चाललेल्या म्हाताऱ्याची रंगमंच सोडवत नाही ही घालमेल, ते सगळं अस्सल. उत्तरार्धात गोष्ट सुडावर जाते आणि तिथे माझं मन मागे राहिलं. सिनेमातला खाणीचा प्रश्न आमच्याकडे खरा आहे. दोडामार्ग तालुक्यात कळण्याला २०२१ च्या जुलैत खाणीचा बांध फुटून चिखलाचा लोंढा घरांत आणि बागायतीत घुसला. तिथले लोक वर्षानुवर्षं अर्ज, मोर्चे, कोर्ट करत आलेत. एका माणसाने दुष्टांना एकेक करून संपवलं की डोंगर वाचतो, असं बघायला बरं वाटतं, शिट्ट्याही पडल्या. पण ज्यांनी अर्ज लिहिले त्यांचं काय, हे मला सारखं वाटत होतं. आणि काहींच्या तोंडी मालवणी बसलेली नाही. हेल चुकला की आमच्या कानाला लगेच कळतं.

बाबांना हे काही पटत नाही. त्यांना परत जायचंय.

बोरिवली–चर्चगेट, वकिलांकडे क्लार्क

'कोर्ट' दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा २०१५ मध्ये थिएटरात, आता गाडीत मोबाइलवर, चार दिवस हप्त्याहप्त्याने. चैतन्य ताम्हाणे यांनी कॅमेरा लांब, एका जागी ठेवलाय. बऱ्याच लोकांना त्याचा कंटाळा येतो. मी बावीस वर्षं कोर्टाच्या मागच्या बाकावर बसतोय, मला तिथून असंच दिसतं. न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात आणि माणसाचं पाच मिनिटांचं बोलणं एका ओळीत बसतं, ते अगदी तसंच्या तसं. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून तिचं प्रकरण त्या दिवशी ऐकलंच जात नाही. ती खाली मान घालून निघते. असं कुणी निघालं की आम्ही मागचे लोक पाय आवरून वाट देतो. तेवढंच आमच्या हातात असतं.

सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. खटल्यातल्या आरोपी शाहिराला जामीन नाकारावा म्हणून भांडणारी बाई आणि ही बाई एकच. मला तिचा राग धरता आला नाही.

मुलुंड

'साबर बोंडं', म्हणजे निवडुंगाची फळं. सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. रोहन कानवडे यांच्या या मराठी सिनेमाला त्या वर्षी जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. आणि आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये दिवसाला एक शो, तोही दुपारी साडेबाराचा. मराठी चित्रपट दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत दाखवा, असं सरकारने मल्टिप्लेक्सना २०१५ मध्येच सांगितलंय. साडेबारा त्या वेळेत बसतात, पण नोकरी करणारा माणूस कसा जाणार? मी अर्धा दिवस रजा टाकली.

मुंबईत नोकरी करणारा आनंद, वडील गेले म्हणून दहा दिवस गावी राहतो. सुतकातही नातेवाईक लग्नाचं काढतात. आणि बालपणीचा मित्र बाळ्या तिथे आहे. त्या दोघांमध्ये जे आहे ते आईला ठाऊक आहे.

मी या सिनेमाला का गेले ते लिहिते. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी मला एक गोष्ट सांगितली. मी "बघू" म्हणाले आणि कुकर लावायला उठले. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. पडद्यावरच्या त्या आईला माझ्याहून कमी शिक्षण, ती लोकांच्या गराड्यात, नवरा नुकता गेलेला. तरी ती मुलाची बाजू सोडत नाही. मोठ्याने काही न बोलता, नुसती त्याच्या बाजूने बसून राहते. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. लहानपणी साबर बोंडं खायची तर आधी गोणपाटावर घासून कुसळं काढायची, एक जरी राहिलं तर दोन दिवस जिभेवर टोचायचं. आत इतकं लालभडक की फ्रॉकवरचा डाग निघायचा नाही.

परवा मुलाला फोन करून सांगितलं, मी हा सिनेमा पाहिला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शनिवारी येतो घरी."

घाटकोपर

वरची ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

वडाळा, पालिका वसाहत

'आता थांबायचं नाय!' लागला २०२५ च्या महाराष्ट्र दिनाला, आम्ही तो घरी टीव्हीवर पाहिला. मुंबई महापालिकेचे चतुर्थश्रेणी कामगार अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून रात्रशाळेत जातात आणि दहावीला बसतात. खऱ्या घटनेवरून घेतलाय. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव आहेत, अधिकारी आशुतोष गोवारीकर. दिग्दर्शक शिवराज वायचळ.

पप्पा ३१ वर्षं पालिकेत सफाई कामगार होते. पहाटे हजेरी चौकीवर मुकादमापुढे सही करायची, तेवढंच त्यांचं लिहिणं. ती सहीही अशी, की नावातलं शेवटचं अक्षर नेहमी रेघेखाली घसरतं. सिनेमात मोठाली माणसं बाकावर गुडघे आवळून बसतात, तेव्हा घरात सगळे हसले, पप्पा हसले नाहीत. त्यांनी आवाज वाढवायला सांगितला.

मला तक्रार करायची तर पार्श्वसंगीताची करीन. रडायच्या जागी ते आधीच येऊन सांगतं, आता रडा. भरत जाधवांचा चेहरा पुरेसा होता. काही प्रसंग भाषणासारखे झालेत. पण ड्युटी करून आलेल्या माणसाचा फळ्याकडे बघताबघता डोळा लागतो, ते मी घरात वर्षानुवर्षं बघितलंय. माझा अभ्यास घेताना पप्पा माझ्याआधी झोपायचे, पुस्तक छातीवर.

सिनेमा संपल्यावर पप्पांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तो सतरा नंबरचा फॉर्म अजून भरता येतो का गं?" शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज तो. पप्पा सातवी पास आहेत, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मी हो म्हणाले, पण मला नीट माहीत नाही. कुणाला असेल तर सांगा.

दादर, रात्रशाळेत शिकवते

भरता येतो. वयाला वरची मर्यादा नाही. १७ नंबरचा अर्ज ऑनलाइन असतो, परीक्षेच्या बऱ्याच आधी मुदत संपते, म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधारकार्ड, फोटो लागेल. दाखला हरवला असेल तर शाळेकडून दुसरी प्रत काढायला वेळ जातो, ते आजच सुरू करा. गणिताची पुस्तकं माझ्याकडे आहेत. रविवारी पप्पांना घेऊन या.