कॉम्रेड्स मॅरेथॉन खरंच एवढी भारी आहे का? मदत हवी आहे, जरा लवकर

दोनापावला_पहाटे: मंडळी, साउथ आफ्रिकेच्या कॉम्रेड्सबद्दल, म्हणजे डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गमधल्या त्या साधारण ८८ किमीच्या शर्यतीबद्दल, जो तो देवदर्शन करून आल्यासारखा बोलतो. व्हिसा, विमान, डर्बनचं हॉटेल धरून खर्च बराच होतोय आणि घरी अजून काही बोललो नाहीये. जे धावलेत त्यांनी सांगा, नाव आहे तशी आहे का? याच आठवड्यात ठरवायचंय. हो की नाही एवढंच.

फर्मागुडी_चढ: असं हो-नाही कसं सांगणार रे? तू जाशील त्या वर्षी अप आहे की डाउन, म्हणजे डर्बनहून वर चढायचंय की खाली डर्बनला उतरायचंय? फुल मॅरेथॉनचा (४२ किमी) टायमिंग काय? ४ तास ५० मिनिटांच्या आत नसेल तर क्वालिफायच होत नाही.

दोनापावला_पहाटे: क्वालिफाय होतं हो. ते विचारलं नाही मी.

साखळीकर: मी डाउन केलीय, पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन. नाव आहे त्याहून जास्तच आहे. जूनमध्ये तिकडे हिवाळा, काळोखात हजारो लोक एका सुरात शोशोलोझा हे तिकडचं गाणं गातात तेव्हा अंगावर काटा येतो, आणि मग दिवसभर रस्त्याच्या कडेला लोक अनोळखी माणसाला नावाने हाक मारून पुढे ढकलत असतात. पण डाउन म्हणजे सोपी नव्हे, फील्ड्स हिलच्या उतारावर मांड्या जातात आणि लगेच काउईज हिलचा चढ. आपल्या गोव्यातल्या मिरामारच्या सपाट रस्त्यावर हे जमणार नाही, चोर्ला घाट उतरायची सवय कर.

म्हापसा_रनर: चोर्ल्यात ट्रकांमध्ये कोण धावणार? नवख्याला असले सल्ले देऊ नका. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर फेऱ्या मारा.

साखळीकर: आल्तिनोचा उतार सुरू होतो न होतो तोच संपतो. मांड्यांना लांब उतार लागतो.

डिचोली_७२: परदेशात कशाला पैसे घालायचे, लडाखमध्ये खारदुंग ला चॅलेंज आहे, ७२ किमी.

इतिहासप्रेमी: पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये ही सुरू झाली, पण स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७५ मध्ये. मोठेपणा सांगताना हेही सांगा.

सत्तरीची_वहिनी: लाँग रननंतर उकड्या तांदळाची पेज घे, मीठ जरा जास्त घालून. आमच्या ह्यांना धावताना घ्यायच्या एनर्जी जेलने पोटात मळमळायचं, पेज बरोबर लागू पडते.

फर्मागुडी_चढ: अरे टायमिंग सांग ना! तिथे १२ तासांची मुदत सुरुवातीच्या गनपासून मोजतात, तू लाइन ओलांडल्यापासून नाही. मागच्या बॅचमध्ये उभा राहिलास तर तेवढी मिनिटं गेलीच. १२ तास झाले की माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून गन उडवतो, त्यानंतर दोन पावलांवर असलास तरी मेडल नाही.

दोनापावला_पहाटे: ४:३८.

फर्मागुडी_चढ: कुठे? मुंबईला जानेवारीत की इथल्या घामात?

दोनापावला_पहाटे: मुंबई.

साखळीकर: मग ऐक. ८८ किमी धरले तर १२ तासांत किलोमीटरला ८ मिनिटं १० सेकंद मिळतात, पाणी पिणं, चालणं सगळं त्यातच. ४:३८ वाल्याला जमतं, पण निवांत नाही. आमचं मत हो, नक्की जा, पण एंट्रीच्या आधी घरी बोल, कारण पुढचे सगळे रविवार त्यात जाणार आहेत.

म्हापसा_रनर: आणि चोर्ला नको.

साखळीकर: आम्ही या रविवारी जातोय, पाठीमागे गाडी असते. फोंड्याहून कोणी येणार असेल तर एक जागा आहे.