ट्रॅक्टर वॉरंटीत आहे, पण चिखलणीच्या दिवसांत फिटरच येत नाही. काय करावं?

मयेकर | ४ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट मिळतात.

मी डिचोली तालुक्यात मयेला राहतो. सुपारी-माडाचं कुळागर, वर डोंगरावर थोडे काजू आणि खाली दोन एकर भातशेती. वीस महिन्यांपूर्वी २४ एचपीचा फोर-व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर घेतला. मोठा घेऊन उपयोग नव्हता, पोफळीच्या दोन ओळींमधून तो वळतच नाही. रोटाव्हेटरसकट सव्वासहा लाख पडले. सबसिडीचे कागद शेतकी खात्याच्या झोनल ऑफिसातून झाले, त्यात काही अडचण आली नाही. माझी शेतं करून शेजारच्या चार-पाच घरांचीही करून देतो, तासाला हजार रुपये. चालवतो मी स्वतःच.

घेतला तेव्हा शोरूम गोव्यातच होतं. हार घातला, नारळ फोडला, पेढे दिले, फोटो काढला. सेल्समन म्हणाला, "काका, पाच वर्षं बघायचंच नाही." फेब्रुवारीत त्या शोरूमचं शटर खाली आलं. आता बोर्डावर घाटापलीकडच्या मुख्य शाखेचा नंबर चिकटवलाय. आख्ख्या गोव्यासाठी त्यांचा एकच फिटर आहे, तो दर गुरुवारी येतो म्हणे. पाऊस जास्त असला की गुरुवारीही नाही.

आता मूळ दुखणं. २९ जूनला चिखलणी करताना डाव्या बाजूला वळलं की पुढच्या चाकातून कट्-कट् आवाज यायला लागला. संध्याकाळी पाण्याने धुतला तर डाव्या हबखाली, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाखाली, तेलाचा ओघळ. तपासायचा बोल्ट थोडा सैल केला, तर आतून दूध जास्त झालेल्या चहासारखं तेल बाहेर आलं. म्हणजे आत पाणी शिरलंय, एवढं मलाही कळतं.

३० तारखेला फोन केला. "फोटो पाठवा." पाठवले. १ तारखेला उत्तर आलं की ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी) हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही, आणि सील गेल्यामुळे बेव्हल गिअर (चाक फिरवणारं आतलं दातेरी चक्र) गेला असेल तर तोही बसत नाही. फोनवरच अंदाज दिला ३८ हजारांचा. न उघडता! वर दुसरी गोष्ट काढली, की तुमची दुसरी सर्व्हिस झालेली नाही, त्यामुळे तसाही क्लेम अवघड आहे. आता माझं तासांचं मीटर आहे २१२ वर. पहिली सर्व्हिस ५० तासांना त्यांच्याच फिटरने घरी येऊन केली. दुसरी २५० ला. अजून २५० झालेच नाहीत तर सर्व्हिस कुठून करू?

तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, आज पंचवीस दिवसांचा झाला. जात ज्योती आहे. अजून आठ-दहा दिवस गेले तर लावून फुटवे किती येणार ते तुम्हाला सांगायला नको. कागदावर वॉरंटी पाच वर्षांची आहे, पण माझी चिखलणी पंधरा दिवसांची असते. त्या पंधरा दिवसांत माणूस आला नाही, तर उरलेल्या सव्वातीन वर्षांचं मी काय लोणचं घालू?

प्रश्न दोन. पैसे भरून गावच्या मिस्त्रीकडून आत्ताच उघडून घ्यावा, की क्लेमसाठी थांबावं? आणि मेव्हणा म्हणतो, हा विकून टाक आणि ज्याचा डीलर जवळ आहे तो घे, कंपनी कुठलीही असो. त्यात कितपत तथ्य आहे?

---

केप्याचा ट्रॅक्टरवाला | ५ जुलै, सकाळी ६:१५

भाऊ, आधी हे सांगा, डावा हब नीट पाहिलात का? टॉर्च घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला आडवे व्हा. एक्सलला काही गुंडाळलंय का बघा. पेंढा, काथ्या, नायलॉनचा दोरा, काहीही. आमच्याकडे खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतांत) मासे पकडायच्या गरीचा तुटलेला दोरा गुंडाळला जातो. फिरून फिरून तापतो आणि सीलची कड ब्लेडने कापावी तशी कापतो. माझे दोन सील असे गेलेत. दोष ना कंपनीचा, ना माझा, पण पैसे माझेच गेले.

दुसरं, चिखलणीला उतरताना क्लच हाउसिंगच्या खालचं भोक बंद करता का? त्याला बूच मिळतं. चिखलात बूच लावायचं, काम संपल्यावर काढायचं, म्हणजे आत साठलेलं पाणी-तेल गळून जातं. बरेच जण लावत नाहीत, आणि लावणारे काढायला विसरतात. मग क्लच घसरायला लागला की डीलरच्या नावाने बोंब.

आणि मिस्त्रीकडून उघडू नका. त्याने पाना लावला की क्लेम संपला. पण चालवूही नका, पाणी मिसळलेल्या तेलात बेअरिंग फार दिवस टिकत नाही.

मेव्हणा बरोबर बोलतोय, पण उशिरा बोलतोय.

---

वाळपईचा टिलरवाला | ५ जुलै, सकाळी ८:०२

म्हणून मी हाताने धरून चालवायचा पॉवर टिलर सोडला नाही. मित्सुबिशी शक्ती, माझ्या मुलाच्या वयाचा आहे. मुलाने आतापर्यंत जास्त खर्च करवलाय. उद्या-परवा लागला तर सांगा, डिझेल घालून घेऊन जा.

---

दोडामार्गचा फिटर | ५ जुलै, रात्री १०:३०

मी नऊ वर्षं एका ट्रॅक्टर डीलरच्या वर्कशॉपला होतो, आता स्वतःचं गॅरेज आहे. आतली बाजू सांगतो, म्हणजे भांडायचं कुठे ते कळेल.

वॉरंटीत पार्ट बदलला की डीलरच्या खिशातून आधी पैसे जातात. पार्ट डेपोतून मागवायचा, बसवायचा, जुना पार्ट चिठ्ठी बांधून ठेवायचा, फोटो आणि जॉब कार्ड (केलेल्या कामाची नोंद) कंपनीला पाठवायचं. कंपनीने मान्य केलं तर नंतर पैसे जमा. मजुरीही कंपनीच्या दराने, ती फार नसते. क्लेम नाकारला गेला तर भुर्दंड डीलरला. म्हणून लहान डीलर फोनवरच "बसत नाही" म्हणून मोकळा होतो. त्यात गोव्यात फोर-व्हील छोटे ट्रॅक्टर मोजकेच, पुढच्या एक्सलचा माल कोण भरून ठेवणार?

तेव्हा डीलरला फोन करत बसू नका. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवा, चॅसी नंबर सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक एरियाच्या सर्व्हिस इंजिनिअरच्या यादीत दिसतो आणि तो बंद करायची जबाबदारी त्याच्यावर येते. नकार द्यायचाच असेल तर कारणासकट जॉब कार्डवर लिहून मागा. फोनवरचा नकार हा नकार नव्हे.

सीलबद्दल: झिजणारा भाग वॉरंटीत नसतो, हे खरं. पण २१२ तासांत सील झिजत नाही. एकतर काहीतरी गुंडाळून कापला गेला, किंवा बसवतानाच कड दुमडली. कापलेला आणि दुमडलेला सील दिसायला वेगळे असतात. उघडताना तुम्ही समोर उभे राहा आणि दोन्ही हब उघडायला लावा.

आता सर्व्हिसचं. इथे तुम्ही चुकलात, राग मानू नका. कुपन बुक काढा आणि तासांच्या पुढचं वाचा. "किंवा इतके महिने, जे आधी येईल ते" असं असणार. जिथे ट्रॅक्टर वर्षभर भरपूर चालतो, तिथे तास आधी भरतात. आपल्याकडे वर्षाला सव्वाशे-दीडशे, म्हणून महिने आधी भरतात आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. कोकणात आणि गोव्यात निम्मी वॉरंटी अशीच बाद होताना पाहिलीय मी. डीलरने फोन करून आठवण करायला हवी होती, पण ज्याचं शोरूमच बंद झालं तो कसली आठवण करणार?

एक लक्षात ठेवा: सर्व्हिस न केल्यामुळे क्लेम नाकारायचा, तर ती सर्व्हिस आणि तो बिघाड यांचा संबंध दाखवा म्हणावं. इंजिन तेल बदललं नाही म्हणून पुढचा सील फाटत नाही.

आणखी: बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी ते बनवणाऱ्या कंपन्यांची, डिझेल पंपाचीही बहुतेक वेळा तीच गत. ट्रॅक्टर डीलर तिकडे बोट दाखवतो तेव्हा खोटं बोलत नसतो.

विकून मोठा घ्यायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या, की जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना नवे प्रदूषणाचे नियम लागले. त्यामुळे त्यांत इलेक्ट्रॉनिक इंजिन आलं. त्याचा दिवा लागला की लॅपटॉप लागतो. तो माझ्याकडे नाही, डीलरकडे आहे. तुमच्या २४ एचपीला निदान मी तरी हात लावू शकतो.

---

म्हापसेकर | ६ जुलै, दुपारी १:२०

फिटरभाऊंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कायद्याचं जोडतो. माझं प्रकरण फ्रीजचं होतं, पण वाट तीच.

कंपनीने ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे घाट चढायची गरज नाही, उत्तर गोव्याचं काम पर्वरीला होतं. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

एकच खोच आहे. तासाला हजार रुपये घेता हे तुम्ही इथे लिहिलंय. समोरचा वकील म्हणेल की हा धंदा आहे, हा ग्राहकच नव्हे. पण स्वतः चालवून पोटापाण्यासाठी वापरलं तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. ड्रायव्हर ठेवून चार ट्रॅक्टर फिरवत असतात त्यांची गोष्ट वेगळी. "मी स्वतः चालवतो" हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात घाला.

यातून चिखलणी मात्र होणार नाही. आयोगाच्या तारखा पावसाकडे बघून पडत नाहीत.

---

मयेकर | २३ जुलै, रात्री ८:५५

उत्तर द्यायला उशीर झाला, शेतात होतो. सगळ्यांना देव बरें करूं. काय झालं ते लिहितो.

टोल-फ्री नंबरवर ६ तारखेला तक्रार नोंदवली. गंमत बघा, ७ ला सकाळी त्याच मुख्य शाखेतून फोन, आवाज एकदम मऊ. तरी चोर्ला घाटात झाड पडलं होतं वगैरे होऊन इंजिनिअर आणि फिटर आले ते १४ तारखेला. म्हणजे पहिल्या फोनपासून पंधरावा दिवस. बरोबर माझ्या चिखलणीएवढा.

टॉर्च घेऊन मी आधीच आडवा झालो होतो, केपेकरांनी सांगितलं तसा. चिखल वाळून दगड झाला होता, काही दिसलं नाही. हब उघडला आणि फिटरने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर एक हिरवा धागा ओढून काढला. हातभर निघाला. केळीचा घड वाकू नये म्हणून आम्ही माडाला बांधतो ना, तोच नायलॉनचा. माझाच. सीलची कड चक्राकार कापलेली, आत बेअरिंगवर गंजाचे ठिपके, बेव्हल गिअरचे दोन दात खाल्लेले. इंजिनिअर काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हसला. मीही काय बोलणार?

पण फिटरभाऊंचं ऐकून उजवा हबही उघडायला लावला. "तिकडे काही नाहीये काका" म्हणत होता. होतं. तिथलं तेलही फिकं व्हायला लागलेलं, धागाबिगा काही नाही, आणि सीलची कड एका जागी आत दुमडलेली. कारखान्यातूनच तशी आलेली. तो क्लेम जॉब कार्डवर लिहून मान्य केला. दुसऱ्या सर्व्हिसचा विषय निघाला तेव्हा "संबंध दाखवा" म्हटलं, तर सोडून दिला. कुपन बुकात "६ महिने" असं बारीक अक्षरात खरोखरच होतं. वीस महिने ते पुस्तक देवघराच्या कपाटात होतं, मी उघडूनही पाहिलं नव्हतं.

डाव्या बाजूचं बिल १९,४०० रुपये, फोनवरच्या ३८ हजारांच्या जवळपास निम्मं. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणतो, मग राहिलेले तुझ्या बहिणीला दे.

चिखलणी वाळपईच्या टिलरवर झाली. तीन दिवस, डिझेल आणि एक फणस एवढ्यात. तरवा चौतीस दिवसांचा झाला होता, लावला तसाच. शेजारच्या चार घरांनी मात्र दुसऱ्याला बोलावलं आणि त्यांचं चूक नाही. पुढच्या वर्षी ते मला बोलावतील की नाही, हा हिशेब कुठल्या जॉब कार्डवर येत नाही.

ट्रॅक्टर विकत नाही. दोन्ही बाजूंच्या सीलचा एकेक जोड आणि बेअरिंग आगाऊ मागवून ठेवलेत, दोडामार्गला दाखवूनही आणले. वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) आधी, पुढचं कुपन भरायच्या वेळी, दोन्ही हबचं तेल परत बघणार. केळीला आता काथ्या बांधतो. केपेकर, तुमच्या यादीत काथ्याही होता, तेव्हा तो तरी सीलला कमी कापतो का, ते सांगा.