प्रतिसाद: मेहनत आणि संपत्ती

‘जो जास्त राबतो त्याच्याकडे पैसा जमतो’ हे वरचं म्हणणं अजिबात पटलं नाही. २०२२ चा जागतिक विषमता अहवाल सांगतो, जगातल्या वरच्या १० टक्क्यांकडे ७६ टक्के संपत्ती, खालच्या निम्म्या लोकांकडे जेमतेम २.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईचं बघा. मजुरी हजार विड्यांमागे. पानं भिजवायची, मापानं कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. पान कारखान्याचं, पण वजनावर मिळतं. फाटकं जास्त निघालं की हजार भरत नाहीत. मग तूट बाईनं पदरचं पान विकत घेऊन भरायची! त्यात कारखान्यानं छाट काढली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकल्या, की तेवढी मजुरी गेलीच. मालाची जोखीम तिच्या गळ्यात, नफा मात्र दुसऱ्याचा. निदान फाटकं पान बदलून द्या, छाट तिच्यासमोर मोजा.